तयार कान

"सगळीकडे वाजवून बघा," बायको तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा कुठे मिस्त्रीने मान वर केली.

"अगं, हाच तर धंदा आहे माझा."

"घाई करू नका, एवढंच म्हणते."

हल्ली घरातली सगळीच माणसं पुटपुटायला लागली आहेत, असं मिस्त्रीचं ठाम मत होतं. पण आज वाद घालायचं त्राण नव्हतं. सकाळपासून तो एका हौशी गिऱ्हाइकाची नवी सायकल बांधत होता. परदेशातून लांबलचक खोक्यात आलेली कार्बनची फ्रेम. वजनाला काहीच नाही आणि लाड मात्र जावयाचे. बोल्ट जरा जास्त आवळला की संपलंच. लोखंडी सायकली ठोकण्यात उमेदीची वर्षं गेलेल्या त्याच्या हातांना हा हळुवारपणा उतारवयात शिकावा लागला होता, आणि शिकता शिकता नाकी नऊ आले होते.

आता स्टँडवर लेकीची फ्रेम होती, तीही कार्बनचीच. चाकं, ब्रेक, चेन, सगळं उतरवलेली. उद्या संघनिवडीची शर्यत होती. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं, म्हणजे उद्या नाही तर कधीच नाही. शर्यतीच्या शेवटी तोच लांब उतार होता जिथे ती मागच्या खेपेला पडली होती. खांद्यात धातूची पट्टी बसवून घरी आली आणि हात वर जायला लागल्याबरोबर पुन्हा सायकलवर बसली. पोरीच्या जिद्दीपुढे दोघांनी हात टेकले होते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी फ्रेम वाजवून बघायची, हा घरचा नियम. लोखंड वाकलं तर दिसतं. कार्बनचं म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. रंगावर ओरखडाही नसतो आणि आतले थर सुटलेले असतात. मग ती मोडते ती नेमकी उतारावर, भर वेगात. म्हणून नाण्याने हलकेच ठोकत जायचं. धड जागी आवाज टणक येतो, तडकल्या जागी बद्द. सगळीकडे सारखा आवाज आला की समजायचं, फ्रेम धड आहे. शहरभरचे सायकलवाले याचसाठी त्याच्याकडे यायचे. मिस्त्रीने मान डोलावली की ते बिनघोर उतारावर सुटायचे.

त्याने नाणं घेतलं. वरची नळी, खालची नळी, सीटखालची, मग मागचे दोन्ही दांडे. सगळीकडे एकच आवाज. बायको दारात उभी होती म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वरच्या नळीवर तर कान टेकवून ऐकलं. कुठे काही फरक नाही. बायको आत निघून गेली.

फ्रेम धड होती. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. वर्षानुवर्षं पहाटे उठून व्हॅन काढायची, तिच्या मागे जायचं, प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरायचा. तो थकला होता. कामाचा शीण झोपेने जातो, हा जात नव्हता. इस्पितळातला तो बाक त्याला पुन्हा बघायचा नव्हता.

लेक बूट पुसत आली आणि त्याच्या समोर उभी राहिली. हल्ली ती त्याच्याशी समोर येऊनच बोलायची.

"काय बाबा, पास?"

मिस्त्रीने नाणं फडक्याने पुसलं. उगाचच.

"खालच्या नळीला तडा आहे. आतून."

लेकीने हात पुढे केला, नाणं घेतलं आणि त्याने दाखवलेल्या जागी ठोकून पाहिलं. थोडं पुढे, थोडं मागे.

"मला तर सारखाच वाटतोय."

"त्याला कान तयार व्हावा लागतो."

"कुणाची तरी मागून आणली तर?"

"तुझ्या मापाची आहे कुणाकडे? आणि नवी बोटीने येईपर्यंत हंगाम संपेल."

तिने नाणं परत दिलं. "तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच," ती म्हणाली आणि बूट तिथेच बाकावर ठेवून आत गेली. आदळआपट केली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तो स्टुलावर बसून राहिला. फ्रेमबद्दल तो आजवर कुणाशी खोटं बोलला नव्हता. बोलला तो पोटच्या पोरीशी, आणि तिने एका शब्दाने अविश्वास दाखवला नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. पण उद्या ती घरी असेल, हातीपायी धड. जन्मभर मनातल्या मनात तिची माफी मागायची त्याची तयारी होती.

बायको चहा घेऊन आली. तिचे डोळे रडून लाल झाले होते, पण चेहरा मात्र कधी नव्हे इतका सैल पडला होता. निदान हिला तरी खरं सांगावं, म्हणून त्याने तोंड उघडलं. पण तीच आधी बोलली.

"सुटले एकदाची. काल तुम्ही बाहेर गेलात ना, तेव्हा हातोडीला फडकं गुंडाळून मीच हाणला एक घाव. मला ती त्या उतारावर नको होती परत. तुमच्या भरवशावर केलं हो. म्हटलं, यांच्या कानातून काही सुटायचं नाही."

तिने कप खाली ठेवला, फ्रेमवरून हात फिरवला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"पण खालच्या नळीला कसा तडा? मी तर वरच्या नळीवर मारलं होतं."