मच्छिंद्र तुपे शांतता उद्यान

पिवळा पडदा बाजूला झाला आणि ऋतिका तुपेने आपल्या वडिलांचं नाव वाचलं. मग त्याखालचा मजकूर वाचला. मग पुन्हा नाव वाचलं, चुकून दुसऱ्याच कोणाचं असेल म्हणून.

काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं होती :

'कै. मच्छिंद्र गेनबा तुपे शांतता उद्यान. येथे चेंडू, रॅकेट, शिट्टी व वाद्य आणू नये. कबड्डी व तत्सम दंगा करू नये. मोठ्याने हसू नये. हिरवळ बघण्यासाठी आहे.'

हडपसरच्या त्या सोसायटीतली जमलेली माणसं टाळ्या वाजवू लागली. म्हणजे हात हवेत हलवू लागली. नव्या उद्यानात आवाज नको, टाळ्या अशाच वाजवाव्यात, असं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदल्या दिवशीच कळवलं होतं. वारलेल्या माणसाला अख्खी सोसायटी मुकाट्याने टाटा करतेय, असं ते दृश्य होतं.

अध्यक्ष दीनानाथकाका बोलायला उभे राहिले. माइक अर्थातच नव्हता.

"मच्छिंद्ररावांनी आपल्याला काय दिलं?" ते पुटपुटले. "शांततेची किंमत. ते होते तोवर ती आम्हाला रोज संध्याकाळी कळायची."

हात पुन्हा हवेत हलले.

गेल्या दिवाळीपर्यंत इथे नुसती माती होती. ऋतिकाचे आप्पा रोज संध्याकाळी फक्कीने रेघा मारायचे आणि गळ्यात शिट्टी अडकवून सोसायटीतल्या पोरांना एकमेकांच्या तंगड्या कशा धरायच्या ते शिकवायचे. अंधार पडला की प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ढोलकी. ढोलकी नसेल तर खुर्चीच. हाताला लागेल ते वाजवून बघायची खोडच होती माणसाला. मंडईत नारळ घ्यायला गेले तरी एकेक कानाशी धरून वाजवायचे आणि "ह्यो बेसूर हाय" म्हणून परत ठेवायचे. नारळवाला लांबून त्यांना बघून पाठ फिरवायचा.

'आप्पांच्या मैदानाला आप्पांचं नाव देतोय,' असं समितीने सांगितलं होतं. ऋतिकाने त्यासाठी ऑफिसला दांडी मारली होती.

ती उठून उभी राहिली. "काका, आप्पा इथे कबड्डी शिकवायचे."

"अगदी बरोबर."

"आणि तुम्ही त्यांच्याच नावाने कबड्डी बंद केलीत?"

"मग आणखी कोणाच्या नावाने करणार? दुसऱ्या कोणाचा त्रासच नव्हता."

"नाव काढा ते."

"काढता येईल ना," सेक्रेटरी योगेश मदतीला धावला. "फक्त संबंधित सदस्याचा लेखी अर्ज लागेल."

"संबंधित सदस्य वारलेत, योगेशदादा!"

"हो, त्यामुळे जरा वेळ लागेल."

टीव्हीवरच्या पंचांनी चुकीचा निर्णय दिला की आप्पा जे काही बोलायचे, ते सगळे शब्द ऋतिकाच्या जिभेवर येऊन रांगेत उभे राहिले.

"हळू, हळू," मागून कोणीतरी म्हणालं.

"मी ओरडत नाहीये!" ती ओरडली. चहूबाजूंनी श्शूऽऽ झालं.

शेजारी बसलेल्या सरुबाईंनी लेकीचा ड्रेस खाली ओढला. "गप बस गं. चार मान्सांत शोभा करू नगंस. नाव तर लागलंय न्हवं त्यांचं?"

"आई, खाली काय लिहिलंय ते वाचलंस का?"

"चष्मा घरी राह्यलाय. तू वाच की."

ऋतिकाने वाचलं. एकेक शब्द, दगडावर बोट ठेवल्यासारखा. सरुबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"हसायचं बी न्हाई?"

"मोठ्याने नाही."

"अन् ढोलकी?"

"वाद्य म्हटलंय. त्यात आलीच."

सरुबाईंनी नव्या साडीचा पदर कमरेला खोचला.

"वहिनी, आता श्रीफळ. हा मान तुमचा," दीनानाथकाका अदबीने म्हणाले. "फक्त जरा हळू वाढवा. पाचव्या मजल्यावरच्या तनयाचा कुत्रा आत्ताच झोपलाय."

योगेशने नारळ हातात दिला. नारळ आपटायला खाली फरशी होती आणि फरशीवर टॉवेल होता. जाड, चार घड्या घातलेला.

सरुबाईंनी टॉवेलकडे बघितलं. नारळ कानाशी धरला, बोटाने वाजवून पाहिला. मग टॉवेल ओलांडून त्या थेट दगडापाशी गेल्या. नवऱ्याच्या नावावरून त्यांनी हात फिरवला. तेवढी अक्षरं त्यांना चष्म्याशिवाय ओळखू येत होती. आणि मग दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर उचलून त्यांनी बरोब्बर नावाच्या खाली घातला.

आवाज बी विंगवर आपटून ए विंगवर गेला आणि तिथून परत आला. तनयाचा कुत्रा उठला. त्याने बाकीचे कुत्रे उठवले. नारळाची एक भकल दीनानाथकाकांच्या बुटावर जाऊन पडली, पाणी सोनेरी अक्षरांवरून ओघळत 'हिरवळ बघण्यासाठी आहे' इथवर आलं. मागे कोणाची तरी खरीखुरी, आवाजाची टाळी वाजली. एकच.

दीनानाथकाकांचं बोट सवयीने ओठांवर गेलं. "वहिनी! श्शूऽऽ!"

सरुबाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी योगेशपुढे हात पसरला.

"दुसरा दे," त्या म्हणाल्या. "ह्यो बेसूर हाय."