तिसऱ्या ओळीचा सूर

तिसऱ्या ओळीच्या वरच्या सुराला शिवणबाईंचा आवाज फाटला.

रविवारच्या उपासनेला चर्च गच्च भरलेलं होतं. उपदेशभर डुलक्या घेणाऱ्या पहिल्या बाकावरच्या आजोबांनीही डोळे उघडले. बाकीच्यांनी गीतपुस्तकात डोकी खुपसली, जणू तिथे काही नवंच छापून आलं होतं. चौथी ओळ शिवणबाईंनी नुसते ओठ हलवून काढली. गायकवृंदात सोळा वर्षं त्या हाच सूर सहज घेत आल्या होत्या. वय बावन्न झालं तरी आवाज पंचविशीतलाच आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

ऑर्गनवर आज नेहमीचे चष्मेवाले नव्हते. आपल्या चष्म्याच्या दुकानाची पाटी पुसताना ते शिडीवरून उतरले ते थेट घोट्यावर, म्हणून शाळेतल्या संगीताच्या बाई बदली म्हणून आल्या होत्या. शिवणबाईंना एका परीने ते बरंच वाटलं होतं. मागच्या रविवारी ऑर्गनचं झाकण लावता लावता चष्मेवाल्यांनी त्यांना लग्नाचं विचारलं होतं. ते विधुर, त्या विधवा, दोघांचीही मुलं मार्गी लागलेली. आठवडाभरात सांगते, असं त्या म्हणाल्या होत्या. आज उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर 'नाही' असं ठरलं होतं.

उगाच नव्हतं ठरलं. त्याच रविवारी पाळकसाहेब खऱ्या प्रीतीवर बोलले होते. ती धीर धरते, मायेने वागते, स्वतःचा तोरा मिरवत नाही. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, पण नंतर गावभर दवंडी पिटली नाही, असंही ते म्हणाले होते. शिवणबाईंनी ही मापं मनात टिपून घेतली आणि आठवडाभर चष्मेवाल्यांना टेप लावली. धीर म्हणाल तर चहा निवेपर्यंत दम निघत नाही, रोज जीभ भाजून घेतात. माया म्हणाल तर सोळा वर्षांत आपल्या आवाजाबद्दल एक कौतुकाचा शब्द नाही. तोऱ्याचं तर विचारूच नका. ताल सांभाळावा तर आपणच, हे चष्म्याच्या गिऱ्हाइकालाही ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत. कापड तिन्हीकडे कमी पडत होतं. माणूस त्यांना मनापासून आवडत होता, हीच तर पंचाईत होती. पण या वयात दुसऱ्यांदा घर मांडायचं तर नुसत्या आवडण्यावर कसं भागणार?

उपासना संपताच त्या तरातरा ऑर्गनपाशी गेल्या.

"तुम्ही पट्टी चढवलीत," त्या म्हणाल्या.

संगीताच्या बाईंनी शांतपणे छापील पुस्तक पुढे केलं. पुस्तकात होतं तसंच त्यांनी वाजवलं होतं. चष्मेवाल्यांनी त्यांच्यासाठी स्वतःची वही ठेवली होती खरी, पण तिच्यात सगळी गीतं दोन सूर खाली उतरवलेली होती. चुकून लिहिली असतील म्हणून बाईंनी ती बाजूला सारली होती. आणि इथे सगळे इतकं हळू का गातात, मला सारखं मागे का ओढत होता, असंही त्यांनी विचारलं. गायकवृंद एकाएकी झग्यांच्या घड्या घालण्यात गुंतला. शिवणबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि वही उघडली.

आजचं गीत पेन्सिलीच्या बारीक अक्षरात होतं. सहा वर्षांपूर्वीची तारीख घालून एक सूर खाली, गेल्या वर्षीची घालून आणखी एक. तिसऱ्या ओळीखाली लिहिलं होतं, 'इथे थांबणे. त्यांचा श्वास होऊ देणे.'

शिवणबाई वही मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. त्यांचा पंचविशीतला आवाज या वहीत होता तर. आधी त्यांना लाज वाटली, मग रडू आलं, आणि मग या माणसाला आपण आठवडाभर काय मापत बसलो होतो, या विचाराने हसूही आलं.

तिथून त्या थेट चष्मेवाल्यांच्या घरी गेल्या, तेव्हा ते मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. उत्तराचं विचारायचा त्यांना धीर होईना. त्यांनी गीत कसं झालं ते विचारलं.

"सूर फाटला," शिवणबाई म्हणाल्या.

"असं कसं? वही तर समोरच ठेवली होती की," चष्मेवाले बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

शिवणबाईंनी काही ऐकलंय असं दाखवलं नाही. त्यांनी खाली बसून त्यांचा सुजलेला पाय पाण्यातून उचलला, पुसला, टॉवेल पुन्हा खुंटीला अडकवला. चष्मेवाले फारच अवघडले, आणि अवघडले की ते तालाकडे वळत. त्या बाईंनी नक्कीच घाई केली असणार, ते म्हणाले. संथ लय धरायला हात मुरलेला लागतो. आपली कधी घाई झालेली आठवते का?

"नाही," शिवणबाई म्हणाल्या. "तुमची कधीच घाई होत नाही."

चष्मेवाल्यांनी समाधानाने मान डोलावली आणि चहाचा कप घ्यायला हात पुढे केला. बोटं कपाच्या कानात शिरेनात. दोन वर्षांपूर्वी ती बोटं आखडायला लागली, त्याच आठवड्यात शिवणबाईंनी सगळ्या गायकवृंदाला हळू गायची ताकीद दिली होती. ऑर्गनवर बसणाऱ्याला यातलं काही कळता कामा नये, अशीही दिली होती. आठवडाभर टेप त्यांनी चष्मेवाल्यांनाच लावली. स्वतःला लावायची राहूनच गेली होती.

शिवणबाईंनी कप उचलून त्यांच्या दोन्ही हातांत नीट बसवला.

"निवू द्या जरा," त्या म्हणाल्या. "आणि आपल्या लग्नात ऑर्गन त्या बाई वाजवतील, पण वही तुमचीच द्यायची."