बावीस वर्षांचा सब्जेक्ट

"प्रीती येत नाहीये," फोन खाली ठेवत विनिता म्हणाली. "डोंबिवलीहून निघालीच नाही ती. ऑफिसने सोडलं नाही."

मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा सुरू व्हायला वीस मिनिटं होती. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो सब्जेक्ट ज्याचा त्याने आणायचा, आणि तो अगदी कोरा हवा, असा नियम. त्याने प्रयोग आधी कधी पाहिलेला नको. सब्जेक्ट नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर पदवी नाही, आणि पदवीशिवाय मामा जूनमध्ये तिला आपल्या कल्याणच्या कुरिअर ऑफिसात घेणार नव्हते.

प्रयोगशाळेचे शिपाई गुणाजीकाका शब्दांचे पत्ते फडक्याने पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मेमरीचा आलाय ना? मी बसतो."

हे काही नवीन नव्हतं. बावीस वर्षं ठाण्याच्या या कॉलेजात कुणाचा सब्जेक्ट आला नाही की काका खुर्चीत बसायचे. कुणाच्या जर्नलमध्ये ते साईनाथ, रिक्षाचालक होते, कुणाच्या जर्नलमध्ये सुधीर, विमा एजंट. कॉलेजच्या बाईंना सगळं ठाऊक होतं. त्या वेळी त्या खिडकीबाहेर बघायच्या.

"मागल्या वर्षी मी मास्तर होतो," काका म्हणाले. "आज कोण होऊ?"

"विठ्ठल. वय बावन्न. भाजीचा धंदा."

"म्हणजे खालीच उतरवलंस की गं!" रडवेली विनिता हसली. काकांनी आवाज बारीक केला. "हे बघ, अर्थाच्या शब्दांत नऊ देतो. बिनअर्थाच्यांत पाच. दहाच्या दहा दिले की बाहेरच्या मॅडमना संशय येतो."

बाहेरच्या मॅडम म्हणजे उत्तरा मॅडम. परीक्षक म्हणून दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या. परीक्षा सुरू झाली तशा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. विनिताने पत्ते दाखवले, एकेक दोन सेकंद. मग पाठ केलेली सूचना म्हटली, "आता आठवतील तेवढे शब्द सांगा."

"मीठ," काका म्हणाले. "डोंगर. खिडकी." ते थांबले. गुडघ्यावर बोटं चोळत राहिले. "चप्पल. डोंगर."

पुढे काही आलं नाही. बिनअर्थाच्या शब्दांतला तर एकच आला.

विनिताने हसू दाबून जर्नलमध्ये आकडे लिहिले. चार आणि एक. काय नट आहेत काका! डोंगर दोनदा म्हणायचं कुणाला सुचलं असतं?

तोंडी परीक्षा लवकर आटोपली. "पुढे काय करणार?" उत्तरा मॅडमनी विचारलं.

"मामांचं कुरिअर ऑफिस आहे. तिथे लागतेय."

"मग सायकॉलॉजी का घेतलीस?"

"कॉमर्सच्या लिस्टमध्ये नाव आलं नाही म्हणून."

मॅडम हसल्या. "खरं बोललीस. प्रयोग मात्र व्यवस्थित घेतलास हं. सब्जेक्टला घाई केली नाहीस." त्यांनी मार्क लिहिले.

विनिता जवळजवळ उड्या मारतच परत आली. "काका, सुटले मी! आणि तुम्ही कसले भारी! डोंगर दोनदा!"

काका पत्ते डब्यात भरत होते. त्यांचे हात थांबले. "दोनदा म्हटलं मी?"

"मग काय! मॅडमना पण पटलं."

"मी नऊच देणार होतो गं."

"मग दिले का नाहीत?"

"आले नाहीत." काकांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "गणपतीपासून असं होतंय. परवा बाळकुमला, आमच्याच गल्लीत, घर सापडेना. घरी नाही बोललो. बायको आहे, सुमती, ती हाय खाईल."

विनिताने हळूच त्यांच्या हातातला डबा काढून घेतला. तीन वर्षं पाठ केलेल्या सूचनांतली एकही तिला उपयोगाची वाटेना.

"चला माझ्याबरोबर. त्या मॅडम कल्याणला विस्मरणाचे पेशंट बघतात. बाई सांगत होत्या."

"आणि काय सांगशील? मी कोण म्हणून?" काका दचकले. "खुळी आहेस का? केटी लागेल तुला, परत बसावं लागेल. जा घरी."

"लागू दे."

उत्तरा मॅडम मार्कांचा लिफाफा चिकटवायला घेत होत्या. काकांचा हात धरून विनिता दारातूनच बोलली, एका दमात. "मॅडम, माझा सब्जेक्ट खोटा होता. हे भाजीवाले नाहीत, आमच्या लॅबचे गुणाजीकाका आहेत. हेच पत्ते त्यांनी बावीस वर्षं पाहिलेत."

मॅडमचा चेहरा कडक झाला. त्यांनी लिफाफ्यातून कागद बाहेर काढला. "प्रात्यक्षिक रद्द होईल. ऑक्टोबरला पुन्हा बसावं लागेल, कळतंय का तुला?"

"हो मॅडम. पण माझं जर्नल बघा ना एकदा."

मॅडमनी जर्नल उघडलं. आकड्यांवरून नजर उचलून त्यांनी काकांकडे पाहिलं. "हेच शब्द? बावीस वर्षं?"

"हेच," काका अपराध्यासारखे म्हणाले.

"आणि आज चार?"

मग मॅडम उठल्या. त्यांनी स्वतःची खुर्ची काकांपुढे सरकवली. "बसा, काका. घाबरू नका." पर्समधून लहानशी वही काढली. "बुधवारी सकाळी दहाला या कल्याणला. एकटे येऊ नका. सोबत कोण येईल?"

"मी येईन," विनिता म्हणाली.

मॅडमनी तिचं नाव लिहिलं. "नातं काय लिहू?"

"विद्यार्थिनी."

"यांची की माझी?"

"दोघांचीही."