निळी सुरगाठ

नातीला लस टोचायची असली की शिंपी आजोबा फ्रॉकची डावी बाही उसवून निळ्या दोऱ्याची सुरगाठ मारत. दोरा ओढला की दंड मोकळा. आजोबा कोविडने गेले. आता मुलांसाठी कोविडची लस आली, पण त्यांच्या लेकीचं मन धजेना. “पोरीला काही झालं तर? बाबा असते तर विचारलं असतं.” “दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पी,” नवरा म्हणाला, “पण ओतून तरी देऊ नकोस!” सकाळी मुलगी नवा फ्रॉक घालून आली. डाव्या बाहीवर निळी सुरगाठ. “कुणी बांधली गं?” “मला काय माहीत!” आई मागच्या खोलीत धावली. बाबांच्या बंद मशीनवरची चादर घडी केलेली होती, चाक अजून फिरत होतं. ते थांबेपर्यंत ती उभी राहिली. “आम्ही येतो हं, बाबा,” ती म्हणाली आणि मुलीच्या चपला शोधू लागली.