पाचवा बोल्ट

पाचवा बोल्ट हलायचं नाव घेईना, आणि नेमका तेव्हाच चॅपलचा भोंगा बंद झाला.

दुपारचे तीन वाजले होते. सकाळपासून बायका आळीपाळीने येशूच्या यातनांची पोथी गात होत्या. त्या आवाजाच्या आडोशाने रोवेनाने चार बोल्ट हातोडीने ठोकून सैल केले, कुणाला पत्ता लागला नाही. आता गावात पान पडलं तरी ऐकू आलं असतं. गुड फ्रायडेचे तीन वाजले की आमच्याकडे देव मेलेला असतो. मग कुणी अंघोळ करत नाही, झाडू मारत नाही, पोरांना मोठ्याने हसू देत नाहीत. हातोडीचं तर नावच काढायला नको.

पत्र्याच्या पडवीत तिची तीस वर्षांची लाल गाडी बॉनेट उघडून उभी होती. रेडिएटर काढून भिंतीला टेकवलेला. गळका वॉटर पंप त्या एका गंजक्या बोल्टवर अडून बसला होता, आणि नवा पंप खाली वर्तमानपत्रावर वाट बघत होता. रोवेनाने बोल्टवर दोनदा डिझेल सोडलं, पान्यावर अंगाचा सगळा भार टाकून पाहिला. ढिम्म.

बुधवारी हीच गाडी अर्ध्या वाटेत वाफ सोडत बसली आणि बाबांचं डायलिसिस हुकलं. आता पाळी उद्या पहाटे सहाला, लुसेना शहरातल्या इस्पितळात, दोन तासांच्या रस्त्यावर. सणामुळे उद्या बस नाही. गॅरेजवाला म्हणाला, सोमवारी बघू. बाबा कालपासून खुर्चीत बसूनच झोपत होते, आडवं झालं की श्वास कोंडायचा.

तिने पान्याच्या दांड्यावर हातोडी मारली.

समोरची खिडकी उघडली. तिने दुसरी मारली, तशी पुरिंगआत्या डोक्यावरचा काळा रुमाल सावरत फाटकातून आत आली. बाबांची थोरली बहीण, पोथी गाणाऱ्या बायकांची म्होरकी. सकाळपासून गाऊन घसा बसला होता, पण तेवढ्यानं आत्या गप्प बसणार होती थोडीच.

"डोकं फिरलंय का गं तुझं? आजच्या दिवशी त्याला खिळे ठोकले, आणि आजच तू ठोकाठोक करतेस?"

"मी ठोकत नाहीये, आत्या. काढतेय."

"मला शहाणपण शिकवू नकोस. उद्या कर काय करायचं ते."

"उद्या चारला निघायचंय."

"मग राहू दे एक दिवस. देवाच्या हाती सोपव. फेर्मिन माझा भाऊ आहे, मला काळजी नाही का?"

"बुधवारी देवाच्याच हाती सोपवून घरी आलो. त्यांचे पाय बघितलेत?"

आत्याने बघितले होते. सकाळीच तिने त्या पायांना तेल लावलं होतं, आणि बोट दाबलं तिथे खड्डा तसाच राहिला होता. तिने फाटकाबाहेर एक नजर टाकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, सगळं गाव ऐकतंय. देव मेलाय आज."

"देव रविवारी उठेल, आत्या. दरवर्षी उठतो. बाबांचं तसं नाही."

आत्याने घाईघाईने छातीवर क्रूस काढला. तेवढ्यात आतल्या खिडकीतून बाबांचा आवाज आला. दोन शब्दांमागे एक श्वास घेत ते म्हणाले, "रोवे, जोरात मार. बिचकत मारलंस तर... दहा वेळा मारावी लागेल."

चाळीस वर्षं जीपन्या, म्हणजे प्रवासी नेणाऱ्या लांबट जीपगाड्या, दुरुस्त केलेला माणूस. पाना कसा धरायचा हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. रोवेनाने पाय फाकवून नीट रोवले आणि सगळा राग त्या एका फटक्यात घातला. बोल्ट किंचाळून सुटला, पाना सटकला, आणि तिचा डावा हात पुढच्या पत्र्याच्या धारेवर आपटला. चार बोटांच्या पेरांवरची साल निघाली. पंप तांबडं पाणी ओकत तिच्या पायाशी पडला.

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या आता उघड्या होत्या.

आत्याची नजर रक्तावर गेली आणि ती पांढरीफटक पडली. "सांगत होते मी. आजची जखम भरत नाही, पोरी. पुढच्या गुड फ्रायडेपर्यंत ओली राहते. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"वर्षभर?"

"वर्षभर."

रोवेनाने ग्रीसच्या फडक्याने बोटं गच्च गुंडाळली. खिडकीकडे पाहिलं. बाबा खुर्चीतून मान लांब करून पडलेला पंप बघायचा प्रयत्न करत होते.

"चालेल," ती म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मग पुढच्या गुड फ्रायडेला भरली की नाही, ते बाबांनाच दाखवते. तो नवा पंप द्या इकडे, आत्या."