नियेलेचा रिकामा बाक

“अगं सिरा, चवळ्या लपव! ट्राओरे आला!” न्गोलो जारा बसल्या जागेवरून ओरडला.

सिनाली ट्राओरे मास्तरने मोटरसायकल कडुनिंबाला टेकवली. शेजारच्या गावातल्या शाळेतून तो मधल्या सुट्टीत धुरळा खात आला होता. “लपव, लपव. नाहीतरी जारांच्या घरात चोरण्यासारखं दुसरं असतं काय? आणि मालक आला की गुलामाने उठून उभं राहायचं असतं.”

चुलीपाशी न्गोलोची बायको सिरा खुदकन हसली. ट्राओरेने जाराला गुलाम म्हणावं, जाराने ट्राओरेला चवळीखाऊ म्हणावं. दोन्ही आडनावांचं हे नातं वाडवडलांपासूनचं. राग मानला तर लाज रागावणाऱ्याची.

मास्तर स्टुलावर बसला. चहाचा पहिला कडू घोट घेऊन त्याने पेला खाली ठेवला.

“न्गोलो, तुझी नियेले शाळेत येत नाही.”

“तुझं तोंड रोज बघायचं म्हणजे शिक्षाच की.”

“महिना होत आला. बाक रिकामा असतो. वर्गातली सगळ्यात हुशार पोर ती.”

“असणारच, जारा आहे. ट्राओरेकडून शिकून बिघडली असती.”

“परीक्षा तोंडावर आलीय. इतके दिवस बुडाले की मागचं कळत नाही, पुढचं झेपत नाही, आणि मग पोर परत येतच नाही. मी पाहिलंय. कुठे आहे ती?”

“लग्न लावून दिलं.” न्गोलोने शांतपणे चहा उंचावरून ओतला. “माझ्या गाढवाशी. ट्राओरेंपेक्षा घराणं बरं वाटलं.”

सिराने तोंडावर हात धरला. मास्तरला मात्र बिन्तू आठवली. गेल्या साली त्याच्या वर्गातल्या या पोरीचा बापही असाच गोड बोलत राहिला होता, आणि सुगी आटोपताच बिन्तू नवऱ्याच्या अंगणात बाजरी कांडताना दिसली. पोरी घरी ठेवणाऱ्या बापांचे सगळे नमुने मास्तरला ठाऊक होते: रडणारे, आजारपण सांगणारे, कोंबडी पुढे करणारे. हसणारा सगळ्यात चिवट.

त्याने झोपडीकडे नजर टाकली. दाराजवळच्या खुंटीवर दप्तर नव्हतं. म्हणजे तेही काढून टाकलं.

“न्गोलो, मी थट्टा करत नाहीये.”

“प्रत्येक ट्राओरे असंच म्हणतो!” न्गोलोने मांडीवर थाप मारली.

“उद्या गावप्रमुखाला घेऊन येईन.”

“आण की! तोही ट्राओरेच. दोघांत मी एकटा गुलाम पुरेन ना?”

मास्तर उरलेला चहा तसाच टाकून उठला. कुणाच्या अंगणातून असं उठू नये, हे त्याला कळत होतं. मोटरसायकलला लाथ घालून तो निघाला.

“पळाला! जारा जिंकले!” न्गोलो मागून ओरडला. धुरळा खाली बसला तरी तो डोळे पुसत हसत होता. “काय चेहरा केला होता गं! इतकी पक्की थट्टा आजवर कुठल्या ट्राओरेला जमली नसेल.”

“मला तर क्षणभर खरंच वाटलं,” सिरा म्हणाली.

“वेडी आहेस. रोज सकाळी दप्तर देऊन तूच वाटेला लावतेस ना तिला?” न्गोलोने दुसऱ्या फेरीच्या चहात साखर घातली. “संध्याकाळी नियेले शाळेतून आली की तिलाही सांग. पोट धरून हसेल.”