विठामावशीच्या बांगड्या

"आत गेल्यावर टोपी काढू नकोस," शलाकाने वॉर्डच्या दाराशी राजूला पुन्हा बजावलं. "आणि रडायचं नाही."

राजूने मान हलवली. टोपीखाली डोकं गुळगुळीत होतं. त्याचा बाप हिरामण शेतातच कोसळला होता. दहावं उरकून राजू बारवीकडच्या पाड्यावरून थेट उल्हासनगरच्या हॉस्पिटलात आला होता.

त्याची आई, विठामावशी, खुबा मोडून कधीची इथे पडून होती. पायाला वजन बांधलेलं. ऑपरेशन दोनदा रद्द झालं, कारण ती बांगड्या उतरवू देईना. "मालक हाय तवर हात उघडं नाय ठेवायची," एवढंच म्हणायची.

पेशंटची समजूत काढायची म्हणूनच तर हॉस्पिटलने शलाकाला सोशल वर्कर नेमलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आता उशीर झाला तर ही कधीच उठणार नाही. त्यात नवरा गेल्याचं कळलं तर बाई जेवणही सोडेल. म्हणून शलाकानेच ठरवलं, सांगायचं नाही.

"इतकं दिस कुठं मेला व्हतास?" विठाने विचारलं.

"भातलावणी चालू व्हती, आये."

"आन् टोपी कसली? हिरो झालास?"

"आता सोनिवलीला बिल्डिंगच्या कामावर लागलोय. साहेबानं दिली."

"तुझा बा?"

"बरा हाय."

विठाने त्याच्या मानेवरून हात फिरवला. हात टोपीच्या कडेशी जरा थांबला. "जा आता," ती म्हणाली. "गाडी चुकल."

तो गेल्यावर शलाका खाटेवर टेकली. "मावशी, ऑपरेशन झालं की स्वतःच्या पायांनी घरी जाल. काका वाट बघतायत."

विठा तिच्याकडे बघत राहिली. "तू लई चांगली हायस गं बाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने शलाकाला बोलावून घेतलं. विठाने स्वतःहून अंगठा दिला होता. हात मोकळे, गळ्यातली पोतही काढलेली.

"बघा, जमलं की नाही," शलाका सिस्टरला म्हणाली. एवढ्या आठवड्यांत ती पहिल्यांदा मोकळं हसली. मग विठाकडे वळली, "काकांना कळवते हां."

"कळव." विठाने रुमालाची गाठ तिच्या हातात दिली. "बांगड्या हायेत. राजूकडं देऊ नको."

स्ट्रेचर थिएटरकडे गेलं. शलाकाने गाठ सोडली.

रुमालात एकही बांगडी अख्खी नव्हती.